स्पॅनिशची अनियमित क्रियापदं: तक्ता पाठ आहे, पण बोलताना रूप सापडत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: स्पॅनिश सुरू करून सहा-सात महिने झाले आहेत, वर्तमानकाळातल्या अनियमित क्रियापदांचे तक्ते वहीत उतरवून पाठ केले आहेत, गाळलेल्या जागा भरताना फारसं चुकत नाही. पण बोलायची वेळ आली की 'प्वेदो' (मला जमतं) म्हणायचं तिथे 'पोदो' निघतं, किंवा 'तेंगो' (माझ्याकडे आहे) आठवेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. वर पुस्तकात नव्या याद्या येतच आहेत. हे सगळं पाठ करण्याची काही युक्ती आहे का, आणि हे पक्कं झाल्याशिवाय भूतकाळाला हात लावावा की नाही, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी बरीच वर्षं प्रौढ विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवते आणि ही तक्रार जवळजवळ प्रत्येक वर्गात ऐकते. माझं स्पष्ट मत असं की तुमची अडचण पाठांतराची नाही. तक्ता तुम्हाला येतो. अडचण अशी की तो तुम्हाला फक्त वरून खालीच येतो. आपण संस्कृतात 'गच्छति गच्छतः गच्छन्ति' असे धातू चालवायला शिकलो. त्यात मधलंच एखादं रूप हवं असलं की मनातल्या मनात सुरुवातीपासून म्हणत यावं लागतं. उत्तरपत्रिकेत ते चालतं, कारण तिथे घाई नसते. बोलताना मात्र वाक्याच्या मधोमध थांबून पायऱ्या उतरायला सवड मिळत नाही. मग तोंड सोपी वाट धरतं: मूळ क्रियापदाला प्रत्यय लावून मोकळं होतं. 'पोदेर'चं 'पोदो' असंच होतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुमचं ध्येय मुख्यतः वाचन असेल, तर एवढा खटाटोप लागणारच नाही. रूप ओळखता आलं की काम भागतं. परीक्षा द्यायची असेल तर स्पेलिंगकडे वेगळं लक्ष द्यावं लागेल, त्याबद्दल पुढे लिहिते. आणि कुठलं स्पॅनिश शिकताय त्यावरही थोडं ठरतं. 'बोसोत्रोस' हे 'तुम्ही'चं रूप स्पेनमध्ये रोजच्या वापरातलं आहे, लॅटिन अमेरिकेत त्याच्या जागी 'उस्तेदेस' वापरतात आणि क्रियापद 'ते' ह्या सर्वनामासारखं चालतं. लॅटिन अमेरिकेपुरतंच बोलायचं असेल, तर तक्त्यातली एक ओळ आत्ता सोडून दिली तरी चालेल. खाली मी उच्चारही तिकडचेच लिहिते आहे.

आता मुख्य मुद्दा. संभाषणात क्रियापदाची रूपं तक्त्याच्या क्रमाने येत नाहीत. ती प्रश्न आणि उत्तर अशा जोडीने येतात. मराठीत आपण 'येतोस का?' ह्याला 'येतो' असं क्रियापदानेच उत्तर देतो, सर्वनाम वापरतही नाही. स्पॅनिशही अगदी तसंच चालतं. कानावर 'तू'चं रूप पडतं आणि तोंडातून 'मी'चं रूप निघावं लागतं. ही उडी तक्त्यात कुठेच शिकवलेली नसते. उलट तिथे 'मी' आधी आणि 'तू' नंतर असतो. आणि नेमक्या ह्याच उडीत स्पॅनिशच्या अनियमिततेचा मोठा भाग दडलेला आहे. '¿त्येनेस त्येम्पो?' म्हणजे 'वेळ आहे का तुझ्याकडे?' उत्तर: 'सी, तेंगो.' '¿सालेस ओय?', आज बाहेर पडणार आहेस का? 'नो, ओय नो साल्गो.' '¿बास?' 'बोय.' '¿साबेस दोन्दे एस्ता?', तो कुठे आहे माहीत आहे का? 'नो से.' ऐकलेल्या शब्दाची नुसती शेवटची अक्षरं बदलून उत्तर दिलंत तर 'त्येनो', 'सालो', 'साबो' असं काहीतरी निघेल. स्पॅनिश मातृभाषा असलेली लहान मुलंही सुरुवातीला 'नो साबो' म्हणतात, त्यामुळे अशी चूक झाली म्हणून भाषा आपल्याला जमणार नाही असं मानू नका. नियम डोक्यात बसतोय, एवढाच तिचा अर्थ.

दुसरी उडी 'तुम्ही'वरून 'आम्ही'वर. '¿प्वेदेन बेनीर?', तुम्हाला येता येईल का? 'नो, नो पोदेमोस.' '¿क्येरेन आग्वा?' 'सी, केरेमोस.' इथे वेगळंच घडतं: प्रश्नात स्वर फुटलेला असतो आणि उत्तरात तो पूर्ववत होतो.

हे का होतं ते एकदा नीट समजून घेतलंत, तर निम्म्या याद्या वहीतून खोडता येतील. लॅटिनमधले ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' जिथे आघाताखाली आले, तिथे स्पॅनिशमध्ये त्यांचे 'ये' आणि 'वे' झाले. जिथे आघात नव्हता तिथे ते होते तसेच राहिले. 'प्वेदो' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर आहे, म्हणून 'ओ' फुटला. 'पोदेमोस' म्हणताना जोर 'दे'वर सरकला, म्हणून 'ओ' शाबूत. एवढंच. हा प्रकार फक्त क्रियापदांत नाही, आणि तुम्ही तो नकळत शिकूनही बसला आहात. सात म्हणजे 'स्येते', पण सत्तर म्हणजे 'सेतेन्ता'. नऊ म्हणजे 'न्वेबे', पण नव्वद 'नोबेन्ता'. दार म्हणजे 'प्वेर्ता' आणि दारावरचा माणूस 'पोर्तेरो'. शब्द लांबला, जोर पुढे गेला, स्वर मूळ रूपात आला. मराठीत 'फूल'चं 'फुलाला' होताना दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो आणि आपल्याला तो अपवाद वाटतही नाही. त्याच जातीची ही गोष्ट आहे.

ह्याचा पडताळा पाहायचा असेल तर अर्जेंटिनाच्या लोकांचं बोलणं ऐका. तिथे 'तू'ऐवजी 'बोस' म्हणतात आणि त्याच्या रूपात जोर शेवटच्या अक्षरावर असतो. म्हणून इतरत्र 'तू प्वेदेस', 'तू त्येनेस', 'तू क्येरेस' असं म्हणतात तिथे अर्जेंटिनाचा माणूस 'पोदेस', 'तेनेस', 'केरेस' म्हणतो, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. जोर सरकला आणि 'अनियमितता' नाहीशी झाली. वर्गात मी हे उदाहरण आवर्जून देते, कारण त्यानंतर विद्यार्थी ह्या क्रियापदांना अपवाद म्हणणं सोडतात.

'पेदीर' (मागणे), 'सेर्बीर', 'रेपेतीर' ह्यांच्यात 'ए'चा 'ई' होतो: 'पीदो', 'पीदेस', पण 'पेदीमोस'. बदल वेगळा, जागा तीच. हा प्रकार फक्त 'ईर'ने संपणाऱ्या क्रियापदांत सापडतो. 'खुगार' (खेळणे) हे एकटंच असं क्रियापद आहे की ज्यात 'उ'चा 'वे' होतो: 'ख्वेगो', 'खुगामोस'. जुन्या स्पॅनिशमध्ये तिथेही 'ओ'च होता, तेव्हा तोही नियमाबाहेरचा नाही.

एक गोष्ट मात्र नियमाने मिळत नाही, आणि तिथे मी कुणाला खोटा दिलासा देत नाही: कुठल्या क्रियापदाचा स्वर फुटणार हे मूळ रूपावरून कळत नाही. 'एन्तेन्देर' (समजणे) ह्याचं 'एन्त्येन्दो' होतं, पण तसंच दिसणाऱ्या 'देपेन्देर' (अवलंबून असणे) ह्याचं सरळ 'देपेन्दो'. 'मोबेर'चं 'म्वेबो', 'कोमेर'चं 'कोमो'. आपल्याकडेही 'फूल'चं 'फुलाला' होतं आणि 'शरीर'चं 'शरीराला'च राहतं. शब्दाकडे नुसतं पाहून परक्या माणसाला ते सांगता येणार नाही. म्हणून नवं क्रियापद वहीत लिहिताना नुसतं मूळ रूप लिहू नका. 'पेर्देर' असं न लिहिता 'पेर्देर, प्येर्देस, प्येर्दो' असं लिहा आणि तसंच मोठ्याने म्हणा.

मूळ रूपाखेरीज दोनच रूपं का पुरतात, ते सांगते, कारण पुस्तकं हे क्वचितच इतकं स्पष्ट करतात. वर्तमानकाळात 'तू', 'तो' आणि 'ते' ह्या तिघांच्या रूपांचं अंग, म्हणजे प्रत्ययाआधीचा भाग, एकच असतं. 'त्येनेस' आलं की 'त्येने' आणि 'त्येनेन' आपोआप येतात; 'ओयेस' आलं की 'ओये', 'ओयेन'. ह्याला अपवाद फक्त 'सेर' (असणे): 'एरेस', 'एस', 'सोन'. 'आम्ही'चं रूप मूळ क्रियापदावरून सरळ बनतं. ते तीनच ठिकाणी बिनसतं: 'सेर'चं 'सोमोस', 'ईर'चं 'बामोस' आणि 'आबेर'चं 'एमोस'. बाकी कितीही बिकट दिसणारं क्रियापद घ्या, 'आम्ही'चं रूप तुम्हाला फसवणार नाही. राहिला फक्त 'मी'.

'मी'च्या रूपावर थोडा वेळ द्या, कारण खरी गंमत आणि खरे काटे तिथेच आहेत. जवळजवळ सगळी रूपं 'ओ'वर संपतात. 'ओय'वर संपणारी चारच आहेत: 'सोय', 'बोय', 'दोय', 'एस्तोय'. 'ओ' अजिबात नसलेली दोन: 'साबेर'चं 'से' आणि 'आबेर'चं 'ए'. ही सहा सोडली की राहतात ते मधे काहीतरी घुसवणारे गट. एका गटात 'ग' घुसतो: 'तेंगो', 'बेंगो', 'पोंगो', 'साल्गो', 'बाल्गो', 'त्राइगो', 'काइगो', 'ओइगो'; 'आगो' आणि 'दीगो' ह्यांत तो 'स'ची जागा घेतो. दुसऱ्या गटात 'स्क' येतो: 'कोनोसेर'चं 'कोनोस्को', 'त्रादुसीर'चं 'त्रादुस्को', 'पारेसेर'चं 'पारेस्को'. 'दुसीर'ने संपणारी सगळी क्रियापदं ह्याच गटातली. 'सेर'ने संपणाऱ्यांपैकी पुष्कळ ह्यात येतात, सगळी नाहीत. 'आसेर' तर वर 'ग'च्या गटात दिसलंच.

ह्यात वेळ वाचवणारी एक सवय लावा. नवं क्रियापद समोर आलं की त्याच्या पोटात ओळखीचं क्रियापद आहे का ते पाहा. 'मान्तेनेर', 'ओब्तेनेर', 'देतेनेर', 'सोस्तेनेर' ह्या सगळ्यांत 'तेनेर' आहे, आणि ती सगळी त्याच्यासारखीच चालतात: 'मान्तेंगो', 'मान्त्येनेस'. 'प्रोपोनेर', 'सुपोनेर', 'दिस्पोनेर' ही 'पोनेर'ची मंडळी. 'देबोल्बेर' म्हणजे 'बोल्बेर'च, पुढे 'दे' लावलेलं. पुस्तकातल्या लांबलचक याद्यांचा बराचसा फुगवटा असाच तयार झालेला असतो.

स्पेलिंगचं म्हणाल, तर काही क्रियापदं अनियमित म्हणून यादीत घातलेली असतात, पण ती कानाला पूर्ण नियमित असतात. 'प्रोतेखेर' (रक्षण करणे) आणि 'प्रोतेखो' देवनागरीत लिहून पाहा: बदल काहीच नाही. रोमन लिपीत मात्र 'जी'च्या जागी 'जे' लिहावा लागतो, कारण 'ओ'च्या आधी 'जी' आला तर त्याचा उच्चार 'ग' होतो. म्हणजे उच्चार बदलू नये म्हणूनच अक्षर बदललं. 'बेन्सेर–बेन्सो', 'रेकोखेर–रेकोखो' ही ह्यातलीच. बोलण्याच्या सरावात ह्यांच्यावर एक मिनिटही घालवू नका. परीक्षा असेल तर लेखनाच्या सरावात वेगळी घ्या. अर्थात वहीतल्या नोंदी देवनागरीत करू नका. इथे मी सोयीसाठी करते आहे. तुमच्या डोळ्यांना मूळ लिपीचीच सवय हवी.

आता सराव कसा करायचा. सुरुवात बारा क्रियापदांनी करा: 'सेर', 'एस्तार', 'आबेर', 'तेनेर', 'आसेर', 'पोदेर', 'देसीर', 'ईर', 'बेर', 'दार', 'साबेर', 'केरेर'. स्पॅनिशमध्ये सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदं हीच, आणि बाराही अनियमित आहेत. हा योगायोग नाही. जे शब्द रोज शंभरदा तोंडात येतात त्यांची जुनी वाकडी रूपं पिढ्यान् पिढ्या टिकतात. क्वचित वापरले जाणारे शब्द विस्मरणातून हळूहळू सरळ होत जातात. 'जाणे'चं 'गेला' आणि 'करणे'चं 'केला' आपण जपलं आहे ते असंच. नव्याने आलेली क्रियापदं पाहा, 'चातेआर' (चॅट करणे), 'गूगलेआर': पूर्णपणे नियमित. तेव्हा ही बारा पक्की झाली की बोलण्यात अनियमितपणा भेटेल त्यातला फार मोठा भाग तुम्ही हाताळला असेल.

'आबेर'चं एक वेगळं. तुमच्या पातळीवर त्याचं फक्त 'आय' (आहे, आहेत) हे रूप पुरे. 'ए, आस, आ' ही रूपं पूर्ण वर्तमानकाळ ('मी केलं आहे' असा) शिकाल तेव्हा लागतील. उरलेल्या अकरांसाठी जोडीदार शोधा. कुणी नसेल तर फोनवर स्वतःच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड करा, प्रत्येकानंतर दोन सेकंद मोकळे सोडून. प्रश्न एका शब्दाचा असला तरी चालेल: '¿प्वेदेस?', '¿बास?', '¿त्येनेस?', '¿दीसेस?', '¿बेस?', '¿आसेस?' उत्तरही एका शब्दाचं: 'प्वेदो', 'बोय', 'तेंगो', 'दीगो', 'बेओ', 'आगो'. क्रम रोज बदला. क्रम ठरला की तक्ता परत आला म्हणून समजा. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर आठवत बसू नका. बरोबर उत्तर मोठ्याने म्हणा आणि पुढे चला. अडलेली क्रियापदं दुसऱ्या दिवशी आधी घ्या.

हे जमू लागलं की 'उस्तेदेस'चे प्रश्न घ्या: '¿प्वेदेन?' 'पोदेमोस.' '¿क्येरेन?' 'केरेमोस.' '¿सोन?' 'सोमोस.' '¿बान?' 'बामोस.' ह्या फेरीत जोर जिथे असेल तिथे बोटाने टेबलावर ठोका. हे करायला विद्यार्थी आधी संकोचतात, पण 'प्वेदेमोस' ही चूक घालवायला मला ह्याहून चांगला उपाय सापडलेला नाही. बोट 'दे'वर पडलं की 'प्वे' म्हणायला तोंडच तयार होत नाही. त्यानंतर दोन्ही फेऱ्या मिसळा, उत्तराला आणखी दोन-तीन शब्द जोडा, आणि शेवटी तेच क्रियापद दुसऱ्या कुणाबद्दल सांगा: 'यो नो प्वेदो, पेरो एल सी प्वेदे', मला जमत नाही, पण त्याला जमतं.

रोज थोडा वेळ आणि मोठ्याने, एवढी माझी अट असते. मनात म्हटलेलं रूप तोंडाला ओळखीचं होत नाही. लिहून काढण्याला मी विरोध करत नाही, पण तुमचं लेखन आधीच ठीक आहे. तिथे आणखी तास घालवून बोलणं सुधारणार नाही.

पुस्तकातल्या उरलेल्या याद्या आत्ता सोडा. 'काबेर' (मावणे) ह्याचं 'मी'चं रूप 'केपो' होतं हे खरं, पण 'मी मावतो' असं म्हणायची वेळ तुमच्यावर लवकर येणार नाही. क्रियापद वाचनात किंवा बोलण्यात समोर आलं की मगच त्याची दोन रूपं वहीत घ्या.

आणि भूतकाळासाठी थांबू नका. ती बारा क्रियापदं दोन सेकंदांत उत्तर देऊ लागली की सुरू करा; वर्तमानकाळ 'संपण्याची' वाट पाहिलीत तर तो कधीच संपणार नाही. तिथे अंगं वेगळी आहेत: 'तेनेर'चं 'तुबे', 'पोदेर'चं 'पुदे', 'आसेर'चं 'ईसे'. आत्ताची 'प्वेदो'ची सवय तिथे नेऊ नका. भूतकाळ स्वतंत्र मानूनच शिका. 'मी'च्या रूपांवर आत्ता घेतलेली मेहनत मात्र पुढे कामी येणार आहे, कारण इच्छा, शंका, विनंती व्यक्त करणारी जी रूपं नंतर शिकाल ती बहुतेक 'मी'च्याच रूपावर उभी असतात: 'तेंगो'वरून 'तेंगा', 'कोनोस्को'वरून 'कोनोस्का'. भूतकाळाचीही सुरुवात तक्त्याने करू नका. पहिल्याच दिवशी जोडी घ्या: '¿पुदिस्ते?', जमलं का तुला? 'नो, नो पुदे.' नाहीतर 'सी, सी पुदे.'